आधी तांडेल

धर्मातांडेलांना दुसऱ्याचं औषध आधी स्वतः चाखून बघायची खोड होती. शेजारणीने मागवलेलं खोकल्याचं औषध माझ्या पालघरच्या दुकानातून घेतलं, की ते काउंटरवरच बूच फिरवत, झाकणभर तोंडात टाकत आणि पाच मिनिटं गप्प उभे राहत. काही झालं नाही तर बूच लावून चालू पडत. मी ओरडलो की बोट वर करून म्हणत, "आधी तांडेल!" व्याह्याच्या म्हशीसाठी नेलेलं जंताचं औषधही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यानंतर चार दिवस ते पालघरात दिसले नाहीत.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मुख्य. शिरगावच्या धर्मातांडेलांनी तीस वर्षं बोट हाकली. एकदा भर दर्यात गोड्या पाण्याच्या पिंपात डिझेल मिसळलं आणि सगळे खलाशी ओकून ओकून आडवे झाले. तेव्हापासून त्यांच्या बोटीवर कायदा झाला, की पाणी असो, कालवण असो, पहिला घोट तांडेलाचा. "मला काय झालं नाय, तर मग बाकीच्यांनी प्यायचं." पुढे बोट मुलाकडे गेली, पण कायदा यांच्याबरोबर किनाऱ्यावर आला.

मला ते "डाक्टर" म्हणत. मी साधा औषधविक्रेता, त्यातून मूळचाच घाबरट. गिऱ्हाइकाने गोळी उपाशीपोटी घेतली असेल का, या विचाराने माझंच जेवण अडत असे. तांडेल हसायचे. "डाक्टर, तुमी बोटीवर एक दिवस टिकनार नाय." ते खरंच होतं.

मग हिराबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि नंतर पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायला सांगितली. अंगातलं जे स्त्री-संप्रेरक त्या गाठीला पोसतं, त्याची वाट अडवणारी गोळी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पालघरात ती गोळी कुणी ठेवत नसे, मी मुंबईहून मागवली. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी कागद मी तांडेलांना मराठीत तीनदा वाचून दाखवला. रोज एकच. एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाही. आपल्या मनाने बंद करायची नाही. अंग एकदम तापेल, घाम फुटेल, त्याला घाबरायचं नाही. पण पाय सुजला, दम लागला किंवा अंगावरून रक्त गेलं, तर तडक डॉक्टर.

तांडेलांनी ऐकून घेतलं. पाकिटावर मी तारीख घातली आणि ते त्यांच्या हातात दिलं. या वेळी त्यांनी काही चाखलं नाही, पाकीट सरळ खिशात घातलं. चला, एकदाची अक्कल आली, असं मला वाटलं.

आठवड्याने ते आले. "डाक्टर, मानंपासून आग चढते. कानापर्यंत. मंग दरदरून घाम, मंग थंडी. पोटात ढवळतं, पन भाकर खाल्ल्यावर बसतं. चांगलं का वाईट?"

बायकोचं दुखणं इतक्या बारकाईने सांगणारा नवरा मी पाहिला नव्हता. मला भरून आलं. चालायचंच, कागदात लिहिलंय तसंच आहे, म्हणून मी त्यांना धीर दिला.

सोळाव्या दिवशी ते परत आले. रिकामं पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाले, "दुसरं द्या."

पाकीट तीस गोळ्यांचं. माझ्याच हातची तारीख त्यावर होती. मी बोटांवर दिवस मोजले, पंधरा.

"काका, काकू दोन-दोन घेतात काय?"

"नाय. एकच घेते."

"मग बाकीच्या गेल्या कुठे?"

तांडेल एकदम वळले आणि चालू लागले. पाकीट तसंच राहिलं. बाई बरी व्हायच्या घाईने दुप्पट गोळ्या खातेय आणि नवऱ्यापासून लपवतेय, अशी माझी खात्री झाली. 'न चुकता, न चुकता' असं मीच शंभरदा बजावलं होतं. काही बरंवाईट झालं तर ते माझ्या जिभेमुळे. भर सकाळी दुकान बंद करून मी स्कूटर काढली. शिरगावच्या रस्त्यावर मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही.

हिराबाई अंगणात बोंबील पलटत होत्या. मी नमस्कारही न करता म्हणालो, "काकू, पाय दाखवा."

त्या बघतच राहिल्या. मग साडी घोट्याच्या वर धरली. पाय ठीक होते. दम? नाही. रक्त? नाही. गोळ्या?

"रोज एक. न्याहारी झाली की. पाकिटातल्या डबीत भरून ठेवल्यात, तोच देतो काढून. डबी माज्या हाताला लागू देत नाय."

तीस गोळ्यांचं पाकीट पंधरा दिवसांत रिकामं झाल्याचं मी सांगितलं. एवढ्यात तांडेल एसटीतून उतरून आले. मला पाहून दारातच थांबले. हिराबाईंनी विचारलं, "डबीतल्या गोळ्या कुटं गेल्या?"

खाली बघत ते म्हणाले, "एक तुला. एक मला."

मी ओरडलोच. ही खोकल्याची बाटली आहे का? बाईमाणसाच्या रोगाची गोळी धडधाकट पुरुषाने पंधरा दिवस खायची?

"नवी गोळी. कुनाला म्हाईत काय करते ती? तिला कशी देऊ, आदी मी नाय घेतली तर?"

"मग एकदा घ्यायची! रोज कशाला?"

तांडेल वाकून बोंबील पलटू लागले.

हिराबाई मटकन ओट्यावर बसल्या. "मला आग झाली की हा म्हनायचा, हिरा, घाबरू नको, मलाबी तसंच होतंय. मला वाटायचं, माजं मन राखायला खोटं बोलतोय." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "मेल्या, तुला काय झालं असतं तर मी कुनाकडं बघितलं असतं?"

मी तांडेलांना स्कूटरवर घालून पालघरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय दाबले, छाती तपासली, मुंबईला फोन लावला. नुकसान दिसत नव्हतं, पण यापुढे एकही गोळी घ्यायची नाही. पायात काही दुखलं तर लगेच यायचं. हिराबाईंची गोळी मात्र चालू, रोज एक.

दुकानाशी आलो. मी नवं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. तांडेल हलेनात.

"दर्यात मी कदी भ्यालो नाय," ते म्हणाले. "वादळ आलं तरी बोटीवर सगळ्यांना एकच वादळ असतं. हिचं हिला एकटीला हाय. ती गोळी तोंडात टाकते ना, तवा माज्याकडं बघते. रोज." त्यांनी पाकिटाकडे बोट केलं. "उद्यापासून तवा मी काय करू, तेवढं सांगा."

माझ्या दुकानात तीन भिंती औषधांनी भरलेल्या होत्या. मी त्या तिन्ही पाहून घेतल्या. शेवटी म्हणालो, "पाण्याचा पेला धरा, काका."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "कोनत्या हातानं?"

मला हसू आलं नाही. "उजव्या," मी म्हणालो. त्यांनी उजवा हात सदऱ्याला पुसला आणि पाकीट घेतलं.