कोऱ्या दाखल्याचा ड्रायव्हर

एका जंगलात डांबरी रस्ता झाला आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली. बाळांनो, मांडी घालून बसा. ज्याला चुळबुळ करायची असेल त्यानं घरी जाऊन करावी.

रस्ता नव्हता तेव्हा जनावरं पायानं चालायची. रस्ता झाल्यावर ज्याला त्याला गाडी पाहिजे. गोगलगायीनंसुद्धा घेतली. घर पाठीवर घेऊन जन्मलेली बाई, तिला कुठं जायचं होतं देव जाणे. पण म्हणाली, मला पोचायला उशीर होतो.

आता रस्त्याच्या बरोबर वळणावर मोहाचं झाड. उन्हाळ्यात फुलं खाली पडायची, खड्ड्यात साचायची, आंबायची. येणारा-जाणारा म्हणायचा, जरा घसा ओला करतो. घसा ओला झाला की गाडी आधी झाडाला लागायची, मग ओढ्यात उतरायची.

म्हणून सिंहानं कायदा केला आणि वळणावर एक हवालदार उभा केला. हा हवालदार जातीचा रानकुत्रा. त्याच्या हातात पानाची पुंगळी, पुंगळीच्या पलीकडच्या तोंडाशी एक मुंगी. तुम्ही अलीकडून फुंकायचं. मुंगी सरळ चालली तर तुम्ही शुद्धीत. मुंगी वाकडी चालली तर तुमच्यावर खटला. दुपारपर्यंत मुंगी गाणी म्हणायला लागायची. सरकारी नोकरीत इतकी खूश मुंगी मी दुसरी पाहिली नाही.

तर या जंगलात ताराक्का नावाची सशीण होती. तिला सात पोरं. शाळा ओढ्यापलीकडे. पूल अरुंद, त्याला कठडा नाही. शाळेच्या गाडीचा जुना ड्रायव्हर गवा. त्याला दिसेनासं झालं, तशी नवा ड्रायव्हर बघायची वेळ आली.

अर्ज दोनच. एक गुलाबराव वानर. डोक्याला तेल, कानात अत्तराचा फाया, येईल त्या बाईला ताई म्हणणार. दुसरा म्हादू रेडा. अंगाला चिखल, आणि बोलणं दोन शब्दांचं. एक 'हं', दुसरा 'नाही'.

शाळेचा हेडमास्तर बगळा. तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "दारू पिऊन गाडी चालवल्याचा निकाल ज्याच्यावर नसेल, तो आपला ड्रायव्हर. पालकांपैकी कुणीतरी कोर्टात जाऊन रेकॉर्ड बघून या."

सगळे पालक आभाळाकडे बघायला लागले. आभाळात काही नव्हतं.

"माझी सात आहेत," ताराक्का म्हणाली. "मी जाते."

कोर्ट वडाखाली भरायचं. रेकॉर्ड वडाच्या ढोलीत. ते राखायला कासव कारकून.

"काका, दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटले बघायचेत."

"खटला नंबर?"

"तो तुमच्याकडेच असेल ना."

"आहे की. पण नंबर सांगितल्याशिवाय मी फाईल काढत नाही. आणि फाईल काढल्याशिवाय मला नंबर दिसत नाही."

"मग लोक काय करतात?"

"घरी जातात."

ताराक्का घरी गेली नाही. ती खाली बसली आणि तिनं कासवाच्या टेबलाचा पाय कुरतडायला घेतला. तिसऱ्या चाव्याला दौत घसरली. चौथ्या चाव्याला कासवाला आठवलं की नावावरूनही शोधता येतं.

त्यानं लाल फडक्यातलं गाठोडं सोडलं. लाल फडकं म्हणजे निकाल लागलेले, दोषी.

"म्हादू रेडा. तीन वर्षांपूर्वी, भर वैशाखात. मुंगी वाकडी चालली. आरोपी तारखेला हजर. गुन्हा कबूल."

ताराक्काचे कान खाली पडले. "शिक्षा काय असते हो याला?"

"पहिल्यांदा सापडला तर सहा महिने पिंजरा, किंवा दहा हजार शेंगा, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षं पिंजरा, किंवा पंधरा हजार शेंगा, किंवा दोन्ही. शिवाय गाडीचा परवाना काही दिवस जप्त."

"पिंजरा का शेंगा, हे कोण ठरवतं?"

"न्यायाधीश. ते हत्ती आहेत. त्यांना शेंगा आवडतात."

"म्हादूनं किती दिल्या?"

"त्याच्याकडे कुठल्या शेंगा. सहा महिने पिंजऱ्यात बसला. पूर्ण."

"आणि गुलाबराव वानर?"

कासवानं सगळं लाल गाठोडं चाळलं. "नाही. कोरा आहे."

"एकदाही सापडला नाही?"

"असं कुठं म्हणालो मी? अकरा वेळा सापडलाय. मी ज्यावर बसलोय ना, ते सगळं त्याचंच आहे."

ताराक्कानं वाकून बघितलं. कासवाच्या खाली पांढऱ्या फडक्यातलं एक भलंमोठं गाठोडं होतं.

"अहो, मग त्याला शिक्षा?"

"तो तारखेला येतच नाही, बाई. समन्स घेऊन कावळा जातो, परत येऊन सांगतो, फांदीवर नव्हता. आरोपी नाही म्हणून खटला चालत नाही. खटला नाही म्हणून निकाल नाही. निकाल नाही म्हणून दोष नाही. उद्या बाराव्यांदा सापडला तरी तो पहिल्यांदाच सापडला असं धरायचं. ती मुंगी त्याला आता भावोजी म्हणते."

"मला या पांढऱ्या गाठोड्याची नक्कल द्या."

"कशी देऊ? उठलो तर माझा हात टेबलाला पोचत नाही."

त्यानं दोन दाखले दिले. म्हादूचा लाल. गुलाबरावचा कोरा.

शाळेत सभा भरली. बगळ्यानं दोन्ही दाखले वाचले. कोरा दाखला वाचायला त्याला जास्त वेळ लागला.

"मास्तर, वानर अकरा वेळा सापडलाय," ताराक्का म्हणाली.

"कागदावर आहे?"

"कागदावर कासव बसलंय."

"म्हणजे कागदावर नाही."

मुंगूसबाईनं नाक मुरडलं. "ताराक्का, पिंजऱ्यात बसून आलेल्याच्या गाडीत पोरं घालायची का आता?"

ताराक्का म्हादूकडे वळली. "म्हादूभाऊ, अजून पिता?"

"नाही."

"का सोडली?"

त्या दिवशी म्हादू जन्मात बोलला नव्हता तितकं बोलला. "पिंजरा वळणावरच आहे. सहा महिने लोकांच्या गाड्या ओढ्यात पडताना बघितल्या. पाचदा मलाच बाहेर काढून त्या ओढायला लावल्या. पाचव्या गाडीत पोरगं होतं."

सभेला हे लांबलचक वाटलं. गुलाबराव ड्रायव्हर झाला. त्यानं सगळ्या ताईंना वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकलेला राहिला. लोक म्हणाले, किती नम्र आहे.

"माझी सात चालत जातील," ताराक्का म्हणाली.

"मी त्याच वेळेला ओढ्यावर डुंबायला जातो," म्हादू म्हणाला. "पाठीवर बसवा."

सोमवार उजाडला. म्हादू सात ससे पाठीवर घेऊन ओढ्यात उतरला, तेवढ्यात वरून शाळेची गाडी आली. आत एकवीस पोरं. गुलाबराव एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं झाडांना नमस्कार करत होता. पुलाच्या मधोमध आल्यावर त्याला दोन पूल दिसले. त्यानं दोन्ही सोडून मधला रस्ता धरला.

गाडी ओढ्यात. गुलाबराव फांदीवर.

पोरांना आधी वाटलं, सहल आहे. मग पाणी नाकाशी आलं तशी ती रडायला लागली. म्हादूनं सात ससे काठावर ठेवले, पाण्यात मुंडी घातली आणि शिंगांवर गाडी उचलून बाहेर काढली. एकवीसच्या एकवीस निघाली. मुंगूसबाईच्या धाकट्याचं शेपूट तेवढं मोडलं. ते अजून डावीकडेच वळतं.

हवालदार पुंगळी घेऊन धावत आला. वानर उंच फांदीवर, पुंगळी पोचेना. नियम असा की गाडीपाशी जो असेल त्यानं फुंकायचं. फुंकली म्हादूनं. मुंगी सरळ चालली. तिला सवय नव्हती, टोकावरून खाली पडली.

पण एकवीस पोरांनी फांदीकडे बोट दाखवलं, म्हणून गुलाबरावावर बारावा खटला झाला. तारीख पडली. तो आला नाही. कासव आता आणखी उंच बसतं, त्याला ढोलीतून बाहेरचं दिसतं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी अठ्ठावीस पोरं रांगेत उभी होती. सगळ्यात पुढे मुंगूसबाई, धाकट्याला कडेवर घेऊन.

"म्हादूभाऊ, याला जरा उजव्या बाजूला बसवा," ती म्हणाली. दाखल्याचं नाव तिनं काढलं नाही.

"हं," म्हादू म्हणाला.

शाळेचा ड्रायव्हर मात्र अजून गुलाबरावच आहे. रिकामी गाडी फिरवतो. दाखला कोरा असलेल्याला काढणार कसा? वर्षाच्या शेवटी बगळ्यानं त्याला आदर्श ड्रायव्हर म्हणून शाल दिली. शाल घ्यायला तो वेळेवर हजर होता.

तात्पर्य: बाळांनो, पिऊन गाडी चालवू नये हे तुमचे मास्तर सांगतीलच, ते ऐका. पण सापडलातच, तर तारखेला जाऊन खरं बोलायचा मूर्खपणा करू नका. खरं बोलणाऱ्याचं नाव लाल फडक्यात बांधतात. आणि मोठे होऊन पोरांसाठी ड्रायव्हर शोधाल, तेव्हा त्याच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बघू नका. कासव कशावर बसलंय ते बघा.