साळूबाईंकडची उपाशी पाहुणी

बाळांनो, एका जंगलात एकदा मैत्रीचं वारं सुटलं. आपलं एक पिल्लू परक्या जंगलात पाठवायचं आणि त्यांचं एक आपल्याकडे ठेवून घ्यायचं, असं सभेत ठरलं. वर्षभर परक्या घरी राहिलं की म्हणे मनं मोठी होतात.

आपल्याकडून कोण गेलं ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे आली ती डोंगरापलीकडची एक छोटी अस्वलीण. नाव झिपरी. ती उतरली साळिंदरांच्या घरी, साळूबाईंकडे.

आता साळिंदराच्या बिळात अस्वल! दोघांच्या चालीरीती वेगळ्या. त्या एकमेकांना समजावून सांगायला एक स्वयंसेवक हवा होता. तळ्याकाठी करकोपंत नावाचे म्हातारे करकोचे राहत. ते फार शिकलेले होते. एका पायावर उभं राहताना कोणता पाय उचलावा, याचाही ते दोन्ही बाजूंनी विचार करत. त्यांनी पंख वर केला. केल्याबरोबर त्यांना वाटलं, उगाच केला.

पण घेतलं काम नीट करावं म्हणून त्यांनी अभ्यास केला. साळिंदरांकडे पाहुण्याने "नको" म्हणायचं असतं. यजमानाने "घ्या हो" म्हणायचं. पाहुण्याने पानावर पंजा आडवा धरायचा. मग यजमानाने काटे फुलवून, चिडून वाढायचं. पहिल्याच खेपेला "वाढा" म्हणणारा तो हावरट. अस्वलांकडे तसं नाही. भूक असेल तर "वाढा", नसेल तर "नको". नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवणं. तिथे त्यावरून मारामाऱ्या होतात.

पंत साळूबाईंकडे गेले.

"बाई, मुलगी अस्वलांची आहे. ती नको म्हणाली की नको. आग्रह करू नका. तो अपमान होतो."

"अगं बाई! मग पाहुणी जेवते कशी?"

"त्यांची संस्कृती आहे, बाई."

साळूबाई कोल्ह्याला भीत नसत, पण या शब्दाला भीत. त्यांनी लगेच कबूल केलं.

मग पंतांनी झिपरीला बाजूला घेतलं. "पोरी, इथे लगेच हो म्हणायचं नसतं. नको म्हणायचं. त्या पुन्हा विचारतील. तेव्हा पानावर पंजा आडवा धरून पुन्हा नको. मग त्या चिडतील. चिडल्या की जेवायचं. आणि हो, बाहेर काही खाऊ नकोस. त्यांची नाचक्की होईल."

"आणि फारच भूक लागली असेल तर, आजोबा?"

"तर जरा जोरात नको म्हणायचं."

संध्याकाळी साळूबाईंनी भाजलेली रताळी आणि मोहाची सुकवलेली फुलं टोपलीत भरून आणली. "वाढू का गं?"

झिपरीच्या तोंडाला पाणी सुटलं. "नको," ती म्हणाली.

साळूबाईंच्या काळजात चर्र झालं. पण संस्कृती होती. त्यांनी टोपली उचलून आत ठेवली. झिपरी त्यांच्या चिडण्याची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती जोरात नको म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशी इतक्या जोरात म्हणाली, की वरच्या फांदीवरचे होले उडाले. "बाई बाई, केवढा तो तिटकारा!" म्हणत साळूबाई टोपली घाईघाईने आत नेऊ लागल्या.

पोर वाळली. नुसते केस उरले. साळूबाई धापा टाकत तळ्यावर आल्या.

"पंत, परक्याची लेक हो. हिला काही झालं तर हिच्या आईला काय तोंड दाखवू? एकदाच म्हणू का, घे गं म्हणून?"

पंत घाबरले. चुकलं का आपलं? त्यांनी आपला अभ्यास पुन्हा तपासला. प्रत्येक वाक्य खरं निघालं. मग ते जास्तच घाबरले.

"थंडी जवळ आलीय," ते चाचरत म्हणाले. "डोंगरापलीकडची अस्वलं थंडीत खात नाहीत. झोपून राहतात."

"ती झोपतेय कुठे? तिच्या पोटात कावळे कोकलतात, त्याने आम्हीही जागे!"

यावर पंतांचं काही वाचन नव्हतं. ते साळूबाईंबरोबर निघाले.

बिळाच्या तोंडाशी झिपरी डोंगराकडे बघत उभी होती.

"मी घरी जाते, आजोबा," ती म्हणाली. "इथे कोणालाच माझ्यावर चिडावंसं वाटत नाही."

"चिडावंसं वाटत नाही?" साळूबाईंचे काटे सरसर उभे राहिले. "इतके दिवस जीव मुठीत धरून गप्प बसले ती मी! खड्ड्यात गेली ती संस्कृती! बस खाली!" त्यांनी टोपली बाहेर ओढली आणि तिच्यापुढे पान मांडलं.

झिपरीचे डोळे चमकले. तिने पानावर पंजा आडवा धरला. "नको," ती लाजत म्हणाली.

"गिळ मुकाट्याने!"

झिपरी जेवायला बसली. साळूबाई रागावत होत्या, वाढत होत्या, डोळे पुसत होत्या.

"पंत, तुम्ही पण बसा," त्या म्हणाल्या.

इथे आता नको म्हणावं की हो? पंत विचार करू लागले. दोन्ही बाजू ध्यानात येईपर्यंत टोपली रिकामी झाली होती.

वर्ष सरलं. झिपरी गुबगुबीत होऊन परत गेली. ती करकोपंतांच्या मार्गदर्शनामुळेच गुबगुबीत झाली, असं सभेने एकमताने ठरवलं आणि सत्कार ठेवला. पंतांना स्वतःला शंका होती. त्यांनी अगदी मनापासून नको म्हटलं.

तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला.

तात्पर्य: उपाशी पाहुण्याला जेवू घालणं कोणालाही जमतं. तो उपाशी का आहे, हे समजावून सांगायला मात्र शिक्षण लागतं. म्हणून बाळांनो, खूप खूप शिका.