आज कल नको

"या यंत्राला इंग्रजी येत नाही," असं व्यंकटराव येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. "परदेशातून आलं तेव्हा येत होतं. मी विसरायला लावलं."

यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत धातू तपासणारी एक संस्था होती, तिच्या तळमजल्यावर ते बावीस वर्षं उभं होतं आणि बावीस वर्षं व्यंकटराव त्याच्या दिमतीला होते. त्याच्या एकूण एक बटणावर त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. फोकसच्या जागी ‘स्पष्टता’, व्हॅक्यूमच्या जागी ‘निर्वात’, आणि नमुना तिरपा करायच्या चाकावर, ज्याला सगळं जग टिल्ट म्हणतं, तिथं ‘कल’. हा शब्द संस्थेत दुसरं कोणीच वापरत नसे. व्यंकटरावांना त्याचंही भूषणच वाटे.

या चाकावर त्यांचा फार जीव. टिकलीएवढा धातूचा तुकडा एका लांब दांडीच्या टोकाला बसवायचा, दांडी यंत्राच्या कुशीत सरकवायची आणि चाक फिरवून तुकडा हवा तसा झुकवायचा. नीट झुकला की धातूच्या पोटातली बारीकशी तडसुद्धा पडद्यावर दिसते. फक्त एक होतं. दांडीचं टोक जिथं पोचतं तिथं वर भिंग, खाली भिंग, दोन्ही चुंबकी, लोखंडाची, आणि मधे नखाएवढी फट. तीस अंशांच्या पुढं झुकवलं की टोक भिंगावर आपटलंच म्हणून समजा. त्यासाठी चाकाला तिसावर अडवणारा एक इवलासा स्क्रू होता.

आता शुक्रवारी पुण्याहून समिती येणार होती. यंत्र ठेवायचं की मोडीत काढायचं हे ती ठरवणार, असं संस्थेत बोललं जात होतं. व्यंकटराव महिनाअखेर निवृत्त होणार होते. यंत्र राहिलं तर त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणं भाग होतं, कारण ते मराठी यंत्र दुसऱ्या कोणाला धड चालवता येत नव्हतं. यंत्र गेलं तर मग घर. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि संध्याकाळी दाराचं कुलूप काढायला त्यांचा हात धजत नसे. घराची त्यांना भीतीच वाटायची. हे ते कोणाला सांगत नसत. सांगणार तरी कोणाला?

त्यांच्या हाताखाली फकिरा होता. जुन्या शहरातल्या शहागंजचा, पन्नाशीचा, रोजंदारीवरचा, सहा महिन्यांपूर्वी संस्थेच्या पाण्याच्या पंपांवरून इकडं आलेला. "चाक शेवटपर्यंत फिरवून बघ, कुठं अडकतं का," असं व्यंकटराव त्याला सोमवारपासून बजावत होते.

"करता ना साब," फकिरा म्हणे.

"किती दिवस आजउद्या करणार आहेस?"

"कल पक्का, साब."

गुरुवारी सकाळी व्यंकटरावांनी स्वतःच पाहिलं, तर अडवणाऱ्या स्क्रूचे आटे झिजून गेलेले. फकिरा अजून यायचा होता. त्यांनी स्क्रू काढून खिशात टाकला. आता चाकाला अडवणारं काहीच उरलं नव्हतं, म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी चाकाच्या वर ठळक अक्षरात एक चिठ्ठी लावली. ‘आज कल नको.’ खाली सही, तारीख. या बाबतीत ते फार काटेकोर.

कोपऱ्यावर बद्रीनाथचं लेथचं दुकान होतं. बद्रीनाथनं स्क्रू तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"साहेब, ह्यो इस्क्रू हाय का मुंगीचा दात?"

"तासाभरात नवा पाहिजे."

"व्हय, करतो की. पण लई बारीक काम. माझा चष्मा घरी ऱ्हायलाय."

चष्मा आला, मग वीज गेली, मग वीज आली आणि चष्मा सापडेना. तो बद्रीनाथच्या कपाळावर होता. नवा स्क्रू घेऊन व्यंकटराव परतले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते.

फकिरा दारातच उभा. चेहरा फुललेला.

"हो गया साब. तुम चिठ्ठी लगाए, मैं फौरन कर डाला."

"काय केलंस?"

"चाक घुमाया. पूरा. तीस पे रुकता बोले थे, आज नई रुका. साठ तक गया. फिर अंदर से कट् बोला."

व्यंकटरावांनी चिठ्ठीकडं बोट दाखवलं. "अरे, मी लिहिलं होतं, आज कल नको."

"हौ, वोइच. आज-कल नक्को. चार दिन से तुम येइच बोल रै, आज-कल मत कर."

"कल म्हणजे टिल्ट, फकिरा."

फकिरानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाला, "तो टिल्ट लिखना था ना, साब."

व्यंकटरावांनी चिठ्ठी उपटून मुठीत चुरगळली. बावीस वर्षांत त्यांनी काढलेली ती पहिलीच चिठ्ठी.

दांडी आत तिरपी अडकून बसली होती. फकिरानं घाबरून ती दोन्ही हातांनी धरली. "ओढू नको," व्यंकटराव ओरडले, "आधी कल काढ." फकिरानं लगेच दांडी सोडली आणि डबा पिशवीत भरायला घेतला.

"कुठं निघालास?"

"कल काढना बोले ना? तो कल आके काढता."

शेवटी व्यंकटरावांनीच चाक उलटं फिरवून दांडी बाहेर घेतली. यंत्रानं आत हवा ओढून घेत मोठा उसासा टाकला आणि पडदा काळा झाला. दांडीचं टोक वाकलं होतं, तुकडा गायब होता आणि टोकाला भिंगाच्या लोखंडाचा चकचकीत कीस चिकटला होता. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी चष्मा पुसतोय असं दाखवून लपवलं.

"मेरी नौकरी गई, साब," फकिरा म्हणाला.

"तुझी नाही जायची."

त्या दुपारी त्यांनी पानभर कबुलीजबाब लिहिला, शुद्ध मराठीत. ‘नमुना झुकवण्याच्या यंत्रणेतील अटकाव मी काढला असून यंत्राची हानी सर्वस्वी माझ्या दोषाने झाली आहे.’ फकिराचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून, कागद खिशात ठेवून ते यंत्राजवळ उभे राहिले. समितीतले तिघे आत आले. एकानं टेप काढून दार मोजलं. दुसऱ्यानं भिंत ठोकून पाहिली. तिसरा म्हणाला, "खोली छान आहे. नव्या यंत्राची ऑर्डर मार्चमध्येच गेलीय. हे धूड सोमवारी हलवा."

"चालवून नाही बघणार?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कशाला? तुम्हाला उगाच त्रास."

म्हणजे बिघडलं होतं तरी काय बिघडलं होतं? रात्रभर ज्या गुन्ह्यानं त्यांना झोप लागू दिली नव्हती, त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. तरी लिहिलेलं ते लिहिलेलं. ते संस्थेच्या संचालकांकडं, तात्यासाहेबांकडं गेले. तात्यासाहेब फोनवर होते. त्यांनी न वाचताच कागद ओढून घेतला, कोपऱ्यात ‘मंजूर’ लिहून सही ठोकली, कागद परत सरकवला आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "घ्या, घ्या रजा. कधी घेतलीच नाहीत तुम्ही. आणि आता घाईनं परत यायचीही गरज नाही, काय?"

रजेचा अर्ज नव्हे, असं सांगायला व्यंकटरावांनी तोंड उघडलं. पण मग तो कशाचा कागद आहे, हेही सांगावं लागलं असतं आणि सांगता सांगता फकिराचं नाव निघालं असतं. त्यांनी नमस्कार केला आणि कागद घडी करून परत खिशात ठेवला.

बाहेर फकिरा वाट बघत होता. "क्या बोले, साब?"

"मंजूर म्हणाले."

"क्या मंजूर?"

"तुझी नोकरी शाबूत आहे. चल."

दुपारचे तीन वाजले होते आणि आता यंत्रावर काम उरलं नव्हतं. फाटकासमोर शहागंजची बस आली. फकिरा चढला आणि त्याच्या मागोमाग व्यंकटरावही चढले. फकिरानं त्यांना खिडकीची जागा दिली. व्यंकटरावांचं घर चिकलठाण्यातच होतं, फाटकापासून चालत दहा मिनिटांवर.