सगळ्यांचं पॅन

बायको गाणार असेल तर नवऱ्याने गप्प बसून ऐकावं, हे मला वेळेवर सुचलं नाही. वाडीतल्या बायांचं गाणं रेकॉर्ड व्हायचं त्याच दिवशी कोरसमधली एक बाई तापाने आडवी झाली आणि मी म्हणालो, "त्यात काय, मी उभा राहतो." (माझ्या आवाजाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. ऑफिसात मी 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच म्हणतो.)

गाणं सुंदरामावशींनी रचलेलं, पाण्यावरचं. मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमतात तेव्हा आमच्या पोलादपूरकडच्या वाडीचं हे गाणं तिथे लाऊडस्पीकरवर लागावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. माझी बायको शर्मिला पुढे गाणार, मावशी तिच्यामागून खालच्या पट्टीत आणि बाकीच्या बाया (अधिक मी) कोरसला. शर्मिलाचा चुलतभाऊ बुद्धरत्न याचा महाडला स्टुडिओ आहे. त्याने प्रत्येकासमोर वेगळा माईक ठेवून रेकॉर्डिंग उरकलं आणि म्हणाला, "आता मिक्सिंग, मग मास्टरिंग." मी मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची मला सरकारी सवय आहे.

दोन दिवसांनी त्याचा ऑफिसात फोन आला.

"भावजी, पहिल्यांदा सगळ्यांचं पॅन करून घेतो."

"सगळ्यांचं? कोरसचंसुद्धा?"

"कोरसचं तर पायजेच. नायतर सगळ्या एकाच जागी कोंबल्यासारख्या होतील, कोण कुठली ओळखूच येणार नाय."

"बरोबर. ओळख पटायला हवी," मी म्हणालो. "आणि ते मास्टरिंग?"

"ते शेवटी. एकदा मास्टर झालं की मोबाईलवर लावा नायतर लाऊडस्पीकरवर, कुठंही चालणार."

म्हणजे अटेस्टेड कॉपी. इतकं सोपं काम आणि हा मुलगा उगाच इंग्रजी बोलून घाबरवत होता. मी त्याच संध्याकाळी वाडीत घरोघर फिरलो आणि बायांची पॅन कार्डं गोळा केली. झेरॉक्स काढल्या, सह्या घेतल्या, फाईल केली. गाडी अडली ती सुंदरामावशींपाशी.

"तसलं कारड माझ्याकडं नाय रे," त्या म्हणाल्या.

"मग अवघड आहे, मावशी. पॅन नसेल तर आवाज धरणार नाहीत."

"गानं मी रचलं. गळा माझा हाय. आनि कारड कुनाला दाखवू?" मग उठून आत जाता जाता म्हणाल्या, "काढून टाक सांग माझा आवाज."

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. शर्मिलाने ताट वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "पाण्याच्या गाण्याला तुम्ही कागद मागितलात. आणि ते गाणं कुठल्या तळ्यावर लागायचंय, ते तरी आठवायचं होतं." मला खरंच लाज वाटली.

रविवारी मावशींच्या हातापाया पडून त्यांना गाडीत बसवलं आणि आम्ही तिघं महाडला गेलो. या बाईंचं कार्ड नसलं तरी चालवून घे, अशी विनंती करायची म्हणून मी फाईल बुद्धरत्नच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती उघडली, एकेक झेरॉक्स पाहिली आणि डोकं टेबलावर टेकवून हसत सुटला. शर्मिलाने कपाळाला हात लावला.

"भावजी, पॅन म्हंजे आवाज डावीकडं बसवायचा का उजवीकडं, ते. हे बघा."

त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि मी ते हसणंबिसणं सगळं विसरलो. शर्मिला बरोब्बर माझ्या समोर उभी राहून गात होती. एक बाई डाव्या खांद्यापाशी आली, दुसरी उजव्या. बुद्धरत्नने कुठलंसं चाक फिरवलं तर कोरस पार मागे गेला, नदीच्या पलीकडून कुणी गावं तसा. डोळे मिटले की अख्खी वाडी आपापल्या जागेवर उभी दिसायची. इतकी वर्षं मी गाणी ऐकतोय, पण गाण्याला डावं-उजवं, पुढचं-मागचं असतं आणि ते कुणीतरी बसून मांडतं, हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला.

मग हेडफोन मावशींना दिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच काढून ठेवले.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "पन मी कुठं हाय?"

त्यांचा आवाज खरंच ऐकू येत नव्हता. बुद्धरत्नने पुन्हा पुन्हा ऐकलं, कपाळ चोळलं. "मावशी हायत यात. पन त्यांचा सूर जिथं हाय, नेमका तिथंच दुसरा एक आवाज ठाण मांडून बसलाय. त्याच्याखाली दबल्यात."

"कुणाचा रे?" शर्मिलाने विचारलं.

"कुणाचाही असो," मी उसळलो. झाल्या चुकीची भरपाई करायची हीच वेळ होती. "मावशींचं गाणं आहे. काढून टाक त्याला. नातंगोतं बघू नकोस."

"नक्की, भावजी?"

"नक्की."

त्याने स्पीकर चालू केले आणि एक बटण दाबलं. सुंदरामावशींचा आवाज खालून वर आला, जुना, थोडा खरखरीत, आणि शर्मिलाचा आवाज त्याच्यावर नुसता तरंगायला लागला. मावशींनी पदर तोंडाला लावला. माझे डोळे भरून आले. विज्ञान एवढं पुढे गेलं आणि आपण अजून झेरॉक्स काढत बसलोय.

"बुद्धरत्ना," मी गहिवरून म्हणालो, "यालाच मास्टरिंग म्हणतात का रे?"

"नाय भावजी. मास्टरिंग उद्या. आता मी फक्त तुमचा माईक बंद केला."

मावशी पदराआड हसायला लागल्या. शर्मिला मात्र हसली नाही. खुर्ची पुढे ओढून ते बटण तिने नीट निरखून पाहिलं.

"हे घरी बसवून मिळेल का रे?"