टक् आवाजाचा इलाज

आधी टक् असा आवाज आला, की आधी माझा हात तारेला लागला, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. (छातीठोकपणे मी आयुष्यात काहीच सांगितलेलं नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतानाही प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असं मानतात' म्हणायचो.)

मालेगावजवळच्या आमच्या वावरात माझी पत्नी गोजराबाई भाजीपाला करते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पीक ठेवत नाहीत, म्हणून आम्ही कुंपणाला झटका मशीन बसवलं. ते टक्, टक् करत तारेत करंट सोडतं. जीव जात नाही, पण पुन्हा तारेजवळ जायची हौस जाते. एका सकाळी मेथी खुडताना गोजराबाईचं कोपर तारेला लागलं. टक् झालं, ती उडाली आणि किंचाळलो मी.

तेव्हापासून ती वावरात जाईना. घरात गॅसच्या लायटरचा टक् झाला तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. मग चहा मी करू लागलो. (दोघांनाही चहा हळूहळू नकोसा झाला.)

"देऊन टाका वावर गुलाबसिंगले बटईनं," एक दिवस ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पाडव्यापासून करन तो."

गुलाबसिंग आमचा शेजारचा वावरवाला. माणूस चांगला, बटईत पिकाचा अर्धा वाटा चोख देईल असा. पण ती वांग्यांशी जितकं बोलते तितकं माझ्याशीही बोलत नाही. वावर गेलं तर ती कुणाशी बोलणार? माझ्याशीच, या विचाराने मी हादरलो. तेव्हाच ठरवलं, हिला आपणच बरं करायचं.

शास्त्र सोपं आहे (असं मानतात). घंटा वाजवून कुत्र्याला खायला देत गेलं, की पुढे नुसत्या घंटेनंही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. भीतीही अशीच चिकटते, आणि अशीच सोडवता येते. नकोशा आवाजाची हव्याशा गोष्टीशी हळूहळू गाठ घालायची. गोजराबाईला जिलबी फार आवडते. मी पाव किलो जिलबी आणली आणि लायटर घेऊन बसलो.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"उपचार. तू फक्त खा."

तिने जिलबी तोंडात घातली. मी टक् केलं. ती दचकली. पुन्हा जिलबी, पुन्हा टक्. घाईत एखाद्या वेळी दोन टक् व्हायचे. आठवडाभर मी नेटाने हे केलं.

शेवटी ती म्हणाली, "अहो, पाया पडतो तुमच्या, ते पुडकं घराबाहेर ठेवा. जिलबी दिसली का छातीत धडधड व्हते!"

माझ्या डोक्यात उजेड पडला. क्रम उलटा झाला होता. आधी हलकासा टक्, मग जिलबी, असं हवं होतं. मी तिला शिकवलं होतं की जिलबी आली म्हणजे मागोमाग झटका येतो. याच चुकीसाठी मी वर्षानुवर्षं मुलांचे मार्क कापले होते.

पाडवा जवळ आला तसा मी शेवटचा उपाय काढला. कुणी न घाबरता तार धरताना दिसलं, तर पाहणाऱ्याचीही भीती कमी होते. धाडसी माणूस जवळ कुणी नव्हता, म्हणून मी स्वतःच जायचं ठरवलं.

गोजराबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिली. मी मशीनचं बटण बंद केलं. (की चालू केलं? एकदा दाबलं, शंका आली, पुन्हा दाबलं.) मग तारेपाशी गेलो.

"राहू द्या ना! कायले उगाच..."

"घाबरायचं नसतं," मी म्हणालो आणि हात पुढे केला. टक्! सणसणीत कळ खांद्यापर्यंत गेली. मी बोंब मारून पडलो तो तारेखाली, पाय एकीकडे आणि डोकं दुसरीकडे.

आणि मग आजही डोळे भरून येतात असं दृश्य. गोजराबाई धावत आली, उघड्या हाताने तार वर उचलली आणि मला कॉलर धरून बाहेर ओढलं. मी खांदा चोळत होतो. ती मात्र वांग्यांकडे बघत होती.

"अगं माय, किती जरड झाले! कोनी तोडलेच नाही!" म्हणत तिने पदरात वांगी तोडायला सुरुवात केली.

पाडव्याला गुलाबसिंग चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेला. चहा गोजराबाईने केला होता, लायटरने. ती माझ्यासाठी जिवावर उदार झाली आणि त्यातच तिची भीती मेली, हे मी पुढे कित्येक वर्षं येईल त्याला सांगत राहिलो. स्वतः मात्र गॅस काडेपेटीने पेटवतो.

परवा हेच गुलाबसिंगला सांगत होतो. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, त्या दिवशी मशीनची बॅटरी तं मी चार्जिंगले मालेगावले नेली व्हती. काकूनंच पाठवली."

"मग तो टक् टक् आवाज?"

"माह्यं स्प्रिंकलर चालू व्हतं ना."

मी घरात जाऊन विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"डोक्याले ठाऊक व्हतं, पायाले नव्हतं," गोजराबाई म्हणाली. "तुमी पडले अन् पाय आपोआप निंगाले."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमी एवढे खूश व्हते. कायले सांगू?"

म्हणजे तारेत करंट नव्हता. मला आयुष्यात एकदाही झटका बसलेला नाही, तरी मी टक् ऐकून उडतो. त्या कुत्र्याला निदान खायला तरी मिळालं होतं.