कांबळे सिस्टर आधी पाय बघतात

कांबळे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. त्यातून समोर गरोदर बाई असली तर नमस्कार-चमत्कार बाजूलाच राहतात. सिस्टर खाली वाकतात, तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरतात आणि तो उचलता उचलता म्हणतात, "खड्डा पडतोय का बघू. सूज असली की पडतो."

जळकोटात त्या आमच्या शेजारी राहतात. नर्सची सगळी नोकरी मुखेडकडच्या खेड्यांत झाली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण ब्लडप्रेशरचं मशीन अजून पिशवीत असतं. खाली मशीन, वर मेथीची जुडी. एका लग्नात त्यांनी ऐन पंगतीत नवरदेवाच्या गरोदर बहिणीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वाढपी बुंदी घेऊन आला, तर म्हणाल्या, "थांब रे, हवा सुटू दे." तो थांबला, मागची पंगतही थांबली. आता लोक पत्रिका देतानाच सांगतात, "सिस्टर, या, पण मशीन घरी ठेवून या." त्या हो हो म्हणतात आणि घेऊनच जातात.

माझ्या बायकोला, पल्लवीला, दिवस गेले तशा त्या रोज सकाळी चहाला यायला लागल्या. चहा हे निमित्त. आठवा महिना लागला आणि एका सकाळी पल्लवीचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. आई म्हणाली, "पित्त हाय. लिंबूपाणी घे." सिस्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, सोडून पुन्हा बांधला. मग मला हळूच म्हणाल्या, "दुकान बंद कर अन् गाडी बघ. लातूरला जायचं."

"दुपारून गेलो तर?"

"आत्ता."

वाटेत त्या पल्लवीचा हात धरून गप्प बसल्या होत्या. सिस्टर गप्प बसल्यात हे बघून मी खरा घाबरलो.

लातूरच्या दवाखान्यात पल्लवीला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं सुरू केली आणि दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मूठभर होती, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली चांगली दणक्यात. पल्लवीही सुखरूप होती. आम्ही हात जोडून उभे होतो आणि सिस्टर डॉक्टरीणबाईंना म्हणत होत्या, "मॅडम, जरा वार दाखवता का?" बाळामागून पडते ती वार. डॉक्टरीणबाई हसल्या, पण आत घेऊन गेल्या.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा आई बाकावर बसून पुटपुटत होती. "जिने चढू नको म्हणलं होतं. ऐकती कुठं? वेळेवर खाईना, पिईना."

सिस्टर शेजारी टेकल्या. "अक्का, जिन्याचा काय संबंध न्हाई. वार रुजताना आईच्या पिशवीतल्या रक्ताच्या नळ्या ढिल्या करती, चांगल्या रुंद करती. मग लेकराला रक्त भरपूर. कुणाकुणाच्या त्या रुंद होतच न्हाईत, बारीकच राहतेत. वारेला रक्त कमी पडतं, लेकरू वाढत न्हाई. अन् अशी उपाशी वार आईच्या रक्तात कायबाय सोडती, त्यानं अंगभर नळ्या बिघडतेत. प्रेशर चढतं, पाय सुजतेत. मी आत्ता बघून आले. वार लहान हाय, जागजागी पांढरट, घट्ट झालीय. ह्याची सुरुवात पहिल्या महिन्यांतच होती. पोरीनं काय केलं न्हाई."

"तुमाला कशाला बघायची होती ती?" आईनं विचारलं.

सिस्टरांनी पदर सारखा केला. "माझी पहिली पोरगी अशीच गेली. दोन दिवस जगली. सासू म्हणायची, रानात लई राबली म्हणून गेली. मलाबी तसंच वाटायचं. पुढं नर्सिंगला गेले, तिथं बाईंनी वार शिकवली, तवा कळलं. भर वर्गात रडले." मग माझ्याकडं वळल्या. "तू काय बघत बसून राहिलास? चहा आण. सगळी उपाशी हायेत."

पल्लवीला वॉर्डात आणल्यावर आई तिच्या कपाळावरचे केस मागं सारत बसली.

मुलगी घरी आली, वजन धरायला लागली आणि बारसं ठरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा; मला बहीण नाही. बायकांमध्ये आता कोण, कोण, अशी कुजबुज चालली होती. आईनं कुणालाच विचारलं नाही. मुलीला उचललं आणि सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. "तुमीच ठेवा."

सिस्टर वाकल्या आणि मुलीच्या कानाशी म्हणाल्या, "सुजाता."

"एवढ्यात सुचलंसुद्धा?" पल्लवी हसून म्हणाली.

"सुचलं न्हाई गं," सिस्टर मुलीचं टोपरं नीट करत म्हणाल्या. "ठेवायचं राहिलं होतं."