पूर्वलक्षी बाक

अध्यक्षांचा चहा अर्धा झाला होता. तेवढ्यात वकील भाचा दारातूनच म्हणाला, "मामा, तुम्ही सोसायटीचे अध्यक्ष नाही आहात."

"आजपासून?"

"नाही, गेल्या वर्षापासून."

सहकारी संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली होती. समितीची मुदत कमी केली होती, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावानं. म्हणजे कायदा आत्ताचा, पण लागू मागच्या तारखेपासून. अध्यक्षांची मुदत गेल्या उन्हाळ्यातच संपली होती. फक्त तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द कायद्यालासुद्धा.

"मग वर्षभर मी करत काय होतो?"

"तेच मी रोज विचारत होते," बायको आतून म्हणाली.

बातमी लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली. दातांच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि जिन्याचा पोपटी रंग बेकायदा आहे, तो खरवडून द्या, म्हणाल्या. तळमजल्यावरच्या शिंप्यानं आपली स्कूटर जुन्या जागेवर नेऊन लावली. ठरावानं ती जागा डॉक्टरीणबाईंना मिळाली होती, म्हणून त्यांची उभी गाडी स्कूटरमागे अडकली. त्या खाली भांडत होत्या, तोवर वर कुणीतरी गच्चीचं कुलूप काढून चादरी वाळत घातल्या.

"अरे, हे सगळे ठराव मी केलेत!" अध्यक्ष ओरडले.

"कायद्यानं तुम्ही नव्हताच, मामा. पण घाबरू नका. कारभार प्रामाणिकपणे केला, तेव्हा मधल्या काळातले ठराव कायम ठेवा, असा अर्ज लिहून आणलाय. एक सही ठोका."

अध्यक्षांनी झटक्यात पेन उघडलं. "सगळे ठराव वाचतील?"

"सगळे. रंग, पार्किंग, गच्ची, बाक..."

पेन थबकलं.

बाक फाटकाजवळ असायचा. अध्यक्ष आणि मास्तर शाळेपासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी दोघं त्यावर बसून जगाला नावं ठेवायचे. मग गेल्या पावसाळ्यात वार्षिक सभेत अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात असताना मास्तरांनी मोठ्ठी जांभई दिली. सभा खो खो हसली. दुसऱ्याच दिवशी 'वाहनांना अडथळा' म्हणून बाक पंपाच्या खोलीत गेला आणि मास्तरांनी बोलणं टाकलं. अध्यक्षांना तेव्हापासून चुटपुट लागली होती, पण स्वतःचा ठराव स्वतःच फिरवायचा म्हणजे नाक कापून घेणं! मग ते संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायचे आणि भाजी कशी चिरावी ते बायकोला सांगायचे.

"अहो," बायको हातात सुरी घेऊनच बाहेर आली, "खुशाल सही करा. पण संध्याकाळी बसणार कुठे ते आधी सांगा. इथे नाही."

अध्यक्षांनी पेन मिटलं. जी चूक मागे घ्यायला त्यांची जीभ वर्षभर रेटत नव्हती, ती सरकारनं परस्पर मागे घेतली होती. त्यांना एकदम भरून आलं. "फार उपकार झाले रे," ते म्हणाले.

"कुणाचे?" भाचा गोंधळला.

"तू कोट काढ आधी. बाक जड आहे."

मामा-भाच्यांनी धापा टाकत बाक फाटकाजवळ आणला. अध्यक्ष एका टोकाला बसले. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग मास्तर खाली उतरले, बाकाभोवती एक चक्कर मारली आणि दुसऱ्या टोकाला टेकले.

"कायद्यानुसार," अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, "हा बाक इथून कधी हललाच नव्हता."

"असं?"

"म्हणजे आपलं भांडणही झालेलं नाही. आणि वर्षभर तू मला घातलेल्या शिव्यासुद्धा रद्द."

"त्या कायम," मास्तर जरा जवळ सरकत म्हणाले. "मी कुठल्या समितीवर नव्हतो."

आणि खात्रीसाठी त्यातली एक खणखणीत शिवी त्यांनी पुन्हा हासडली. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि मनापासून आभार मानले.